जुलैत पन्हाळ्यावर चढलेले हत्ती

गुऱ्हाळवाल्याने लॅपटॉप मिटला तेव्हा खेळातली तारीख होती १८ जुलै ११८६. यादवांची फौज सिन्नरहून निघून भीमा, कृष्णा आणि वारणा ओलांडून ऐन आषाढात पन्हाळ्याला भिडली होती, आणि तिच्यात हत्ती होते. बाहेर राजारामपुरीत खराखुरा पाऊस धो धो लागला होता. राजाराम बंधारा सकाळीच पाण्याखाली गेलेला. त्यापायी आमचे सर लांबच्या वाटेने, तासभर उशिरा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले होते.

"मर्दा, ह्या दिवसांत माझा ट्रॅक्टर जोतिबाचा घाट चढंना," गुऱ्हाळवाला म्हणाला, "आणि ह्याचं हत्ती पन्हाळा चढत्यात?"

"खेळ आहे भावा," बँकवाला म्हणाला. तो यादव खेळत होता आणि जिंकत होता.

"खेळ हाय तर नाव पन्हाळा कशाला ठेवलंस? काय तरी दुसरं ठेव. मग माझं काय म्हणणं न्हाई."

त्या वाक्याला उत्तर शोधण्यात आमचे पुढचे चार महिने गेले. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, रिजेक्ट झालं की त्याचा रिपोर्ट लिहायची हाताला सवय. हेही त्याच सवयीने लिहितोय: काय झालं, आधी आम्ही काय चुकीचं दुरुस्त केलं आणि दोष शेवटी कुठे सापडला.

खेळ म्हणजे 'क्रूसेडर किंग्ज ३', मध्ययुगातलं एखादं राजघराणं चालवायचा संगणकावरचा खेळ. २०२० च्या सप्टेंबरात आला तेव्हा डाव सुरू करायला त्यात दोन सालं होती, ८६७ आणि १०६६. दोन्ही युरोपच्या सोयीची. एकात व्हायकिंग, दुसऱ्यात इंग्लंडवरची नॉर्मन स्वारी. २०२४ मध्ये ११७८ हे तिसरं साल आलं आणि आमचं फावलं. ११७८ मध्ये आमच्या मुलखात शिलाहार भोज दुसरा राज्य करतोय. कल्याणीला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, कळचुरींनी चालुक्यांना बाजूला सारलंय. यादव अजून सिन्नरच्या अंगाला, देवगिरी वसायची आहे. थोडक्यात, दख्खनमध्ये कुणाचाच पाय पक्का नाही. मित्रामित्रांत खेळायला याहून चांगलं साल कुठलं मिळणार? म्हणून आम्ही फक्त दख्खनपुरता, घरगुती असा एक मॉड, म्हणजे मूळ खेळात आपला फेरबदल, केला.

मंडळी अशी. गुऱ्हाळवाल्याचं करवीर तालुक्यात घरचं गुऱ्हाळ आहे. पावसाळ्यात तो मोकळा असतो आणि दिवाळीनंतर मार्चपर्यंत फोन उचलत नाही. तो भोज. बँकवाला यादव, लग्नं आणि कर्जं दोन्हींचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. मी कळचुरी, म्हणजे पहिल्या दहा वर्षांत संपणारा. सर हायस्कूलला इतिहास शिकवतात, खेळतात कमी, बघतात जास्त. कोड लिहिते ती बँकवाल्याची मावसबहीण, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. निपाणीकर नंतर आला. तो उशिरा आला यातच या प्रकरणाचं अर्धं उत्तर आहे, पण ते पुढे.

पहिला डाव

बँकवाल्याने गैर काहीच केलं नव्हतं. त्याने मे महिन्यात लेव्ही, म्हणजे रयतेतून गोळा होणारी फौज, उठवली, हत्तीदळ सोबत घेतलं, सगळी फौज एका जागी गोळा केली आणि सरळ दक्षिणेला आला. या खेळात लेव्ही उठवली की महिन्याचा खर्च वाढतो, पण पेरणी बुडत नाही. बाकीच्या तीन सरहद्दी त्याने उघड्या टाकल्या होत्या, कारण तिकडून कुणी येत नाही हे त्याने आठ वर्षं पाहिलं होतं. गुजरात, माळवा, वरंगळ, होयसळ या सगळ्या गाद्यांवर संगणक बसला होता आणि तो आपापल्या घरच्या बंडाळीत गुंतला होता. पन्हाळा महिना-सव्वा महिन्यात पडला.

सरांचं मत वेगळंच निघालं. "भोज हरलाच होता ना? १२१२ च्या सुमारास यादव सिंघणाने त्याला पन्हाळ्यावरच गाठलं आणि शिलाहारांची ही शाखा संपली. मग खेळात हरला तर बिघडलं काय? थोडा आधी हरला, एवढंच." वर त्यांनी यादवांच्या प्रशस्तीतली उपमा सांगितली. तिच्यात भोज हा पन्हाळ्यात राहणारा साप आहे आणि सिंघण त्याला पळवून लावणारा गरुड. आता मजा अशी की शिलाहारांच्या स्वतःच्या ध्वजावर सोन्याचा गरुड होता.

"म्हणजे राज्य घेतलं ते घेतलं, झेंडाबी नेला," गुऱ्हाळवाला म्हणाला. मग उठून चहा टाकायला गेला. त्या दिवशी पुढे खेळ झाला नाही.

सरांच्या बोलण्यात एक मोठी गल्लत होती. मला ती तेव्हा पकडता आली नाही, आणि खरं तर या जातीच्या खेळांवर जिथे जिथे वाद होतो तिथे तीच गल्लत असते. इतिहासात जे घडलं तेच खेळात घडलं म्हणजे खेळ खरा, असं धरायचं. पण तसं धरलं तर भोज खेळणाऱ्याने रविवार वाया का घालवायचा? त्याला तारीख सांगून टाका, तो त्या दिवशी येऊन सही करून जाईल.

तट वाढवला

आम्ही केलेली पहिली दुरुस्ती म्हणजे भोक दिसलं तिथे लांबी भरून वर रंग मारणं. पन्हाळा लवकर पडतोय? मग पन्हाळा मजबूत करा.

त्यासाठी ऑगस्टात एका रविवारी आम्ही गडावर गेलो. सर आले नाहीत, त्यांना वह्या तपासायच्या होत्या. धुकं इतकं की सज्जा कोठीतून खालचं काही दिसेना. तीन दरवाजाच्या आत उभं राहून कोड लिहिणाऱ्या मुलीने भिंतीची जाडी पावलांनी मोजली. अंबारखान्याची लांबी मोजली. तटबंदीचा घेर सात किलोमीटरच्या वर आहे. झुणका-भाकर खाताखाता ठरलं की खेळात तटाला जितके वरचे आकडे देता येतात तितके द्यायचे. मुलगी म्हणाली, "आजच रात्री करून टाकतो दादा." (बाहेरच्यांसाठी: आमच्याकडे मुलीही 'मी करतो, मी जातो' म्हणतात. त्यात काही गंमत नाही, तशीच भाषा आहे.)

सोमवारी सरांनी ग्रुपवरचे फोटो पाहिले आणि एकच प्रश्न टाकला: तीन दरवाजावरचा फारसी लेख कुणी पाहिला का? दरवाजा आदिलशाहीतला आहे. अंबारखाना आज दिसतो तोही विजापुरी घडणीचा. आम्ही सोळाव्या शतकातल्या भिंती मोजून बाराव्या शतकातल्या राजाला बहाल केल्या होत्या. भोजाने पन्हाळा बांधला हे खरं. परंपरेने बावडा, भुदरगड, विशाळगड धरून पंधरा किल्ले त्याच्या नावावर आहेत. पण त्याचा तट केवढा होता हे आजच्या तटावरून निघत नाही. डोंगर तोच आहे, भिंत ती नाही.

तरी दुसरा डाव आम्ही तसाच खेळलो, कारण कोड लिहून झाला होता. दुसऱ्या डावात जे घडलं ते पहिल्यापेक्षा वाईट होतं.

या खेळात युद्ध ज्या मुलखासाठी चाललंय तो ज्याच्या ताब्यात, त्याच्या बाजूने काळ जाईल तसे गुण चढत जातात. चढाई करणारा हरला की त्याला भरपाई म्हणून सोनं मोजावं लागतं. आता पन्हाळा पडतच नाही म्हटल्यावर काय होणार? यादव आले, खाली बसले, उपासमारीने अर्धे झाले, हरले, सोनं देऊन गेले. पाच वर्षांनी पुन्हा आले. मग कल्याणीचे आले. गुऱ्हाळवाला वर बसून होता, एकदाही खाली उतरला नाही.

"ऊस न्हाई, चरक न्हाई, चुलवाण पेटवायचं न्हाई," तो म्हणाला, "नुसता गूळ पडतोय."

वेढा हे त्याचं उत्पन्न झालं होतं. त्या सोन्यावर त्याने भाडोत्री फौजा घेतल्या आणि १२३० पर्यंत कल्याणीपर्यंतचा मुलूख खिशात घातला. पैशाकडे पैसा जातो तसा. बँकवाला खुर्चीतच झोपला, घोरत होता. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. गुऱ्हाळवालाही नाही, आणि तो तर जिंकत होता.

व्हाय-व्हाय

कारखान्यात याला व्हाय-व्हाय म्हणतात. दोष दिसला की 'का' विचारायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, आणि सोयीचं उत्तर मिळालं म्हणून थांबायचं नाही. कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेली पोकळी, आला तर कारण बहुतेक वेळा पृष्ठभागावर नसतं. वाळूत ओल जास्त असते, नाहीतर वायू बाहेर पडायला वाट नसते.

पन्हाळा ११८६ मध्ये का पडला? यादवांनी सगळी फौज आणली म्हणून. सगळी फौज का आणता आली? पाठीमागे भीती नव्हती म्हणून. भीती का नव्हती? इथे मी सरांच्या घरी दोन संध्याकाळ बसलो, आणि सरांनी जे सांगितलं त्याने आमच्या मॉडचा पायाच हलला.

कल्याणीचं घर ११८० च्या दशकात कोसळलं. आधी कळचुरी गेले, मग चालुक्यांचा सोमेश्वर चौथा परत आला आणि तोही टिकला नाही. त्या पडझडीत तीन माणसांनी आपापली छत्रं उघडली. उत्तरेला यादव भिल्लम पाचवा, दक्षिणेला होयसळ वीरबल्लाळ दुसरा, आणि मध्ये, ११८७ च्या सुमारास, आपला भोज. आता नकाशा बघा. दोन मोठे एकमेकांच्या अंगावर गेले. भिल्लमाचा ११९१ च्या आसपास बल्लाळाने दक्षिणेत, सोरटूर-लक्कुंडीच्या भागात, जबर पराभव केला. भिल्लमाचा मुलगा जैतुगी काकतीयांच्या मागे लागला. त्याने काकतीय गणपतीला कैद करून नेलं आणि पुढे सोडून वरंगळच्या गादीवर बसवलं. सिंघणाला माळवा आणि गुजरातकडेही तोंड करून बसावं लागलं. या सगळ्या धामधुमीत भोज वीस-पंचवीस वर्षं कुणालाही मुजरा न करता राहिला.

तो तटामुळे राहिला, असं मला वाटत नाही. तो शेजाऱ्यांच्या भांडणामुळे राहिला. तट हवाच होता, पण कशासाठी? कुणीतरी तिसरा वेढा घालणाऱ्याच्या पाठीवर येईपर्यंत कळ काढायला. आमच्या पहिल्या डावात तिसरा नव्हताच, म्हणून तट फुकट गेला. दुसऱ्या डावात तट इतका होता की तिसऱ्याची गरजच उरली नाही. दोन्ही डावांत दोष एकच, आणि आम्ही दोन्ही वेळा पन्हाळ्याकडे बघत बसलो होतो.

इथे जरा बाजूला जातो, कारण मोठे खेळही याच खड्ड्यातून गेलेत. 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' मध्ये 'लकी नेशन्स' नावाची सोय आहे. इतिहासात जी राज्यं मोठी झाली त्यांना, संगणक खेळत असेल तर, गुपचूप जादा गुण मिळतात, म्हणजे जगाचं चित्र ओळखीचं राहतं. हा निकालाचा खरेपणा. सरांना हेच हवं होतं. मला ती पेपर फुटल्यासारखी गोष्ट वाटते. 'मेडिव्हल २: टोटल वॉर'मध्ये एका चालीत दोन वर्षं जातात, पण माणसं त्या हिशेबाने म्हातारी होत नाहीत, नाहीतर सेनापती सीमेवर पोचेपर्यंत पांढरा व्हायचा. तो खोटेपणा मला चालतो, कारण त्याने निर्णय बिघडत नाहीत. आणि आमच्याच खेळातली वाटणी घ्या: राजा मेला की मुलांत राज्य फुटतं. दिसायला हा इतिहास आहे, पण त्याचं खरं काम मोठ्याला आणखी मोठं होऊ न देणं हे आहे. युरोपात ते शोभतं. आमच्या शिलाहारांत मारसिंहाचे मुलगे एकामागून एक त्याच गादीवर आलेत, राज्याचे तुकडे पाडून बसले नाहीत. म्हणजे वाटणीचा नियम इथे इतिहास म्हणून चुकतो. पण तो काढला तर बँकवाला तीस वर्षांत हिमालयाला टेकेल. तो आम्ही ठेवला, आणि का ठेवला हे मॉडच्या वर्णनात सरळ लिहिलं: हा इतिहास नाही, हा लगाम आहे.

मला जे कळलं ते असं. राजाला काय मिळालं ते खेळाडूला द्यायचं नाही. राजाला काय अडचणी होत्या त्या द्यायच्या. निकाल काय लागायचा तो लागू दे. तोल वेगळा आणावा लागत नाही. भोजाच्या अडचणी भोजाला आणि यादवांच्या अडचणी यादवांना नीट मिळाल्या की त्यातच पुष्कळसा तोल असतो.

पाऊस

आता हत्तींकडे. पाऊस घालायचा हे सगळ्यांना मान्य होतं. भांडण झालं ते किती घालायचा यावर.

गुऱ्हाळवाल्याचं म्हणणं, जून ते सप्टेंबर युद्ध बंद. सरळ बंद. सर लगेच म्हणाले, "मग सिद्दी जौहरचं काय करायचं?" १६६० मध्ये मार्चात त्याने पन्हाळ्याला वेढा घातला आणि पाऊस लागला तरी उठला नाही. छावणीवर छपरं घातली आणि बसला. महाराजांना जुलैच्या पावसात, रात्री, विशाळगडाकडे निघावं लागलं ते त्यामुळेच. पाऊस आला की वेढा उठेल हा हिशेब तिथे चुकला होता. हा प्रसंग भोजानंतर साडेचारशे वर्षांचा आहे, तोफा आल्यात, सगळं मान्य. पण पाऊस तोच आणि डोंगरही तोच.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग गुऱ्हाळवाल्यानेच तोड काढली. "बसलेला बसू दे. पर चालत येणारा कसा येईल? नदी वलांडून, गाडं घिऊन?"

हे बरोबर होतं. सिद्दी मार्चातच येऊन बसला होता, जुलैत चालत आला नव्हता. आजच्या रस्त्याने देवगिरी ते पन्हाळा साडेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतं. बैलांवर दाणागोटा घेऊन चालणाऱ्या फौजेला दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर धरले तर जवळजवळ महिना गेला. दसऱ्याला निघालेली फौज दिवाळीनंतर पोचते. परतीचा महिना हातात ठेवायचा, तोही पाऊस लागायच्या आधी. मध्ये उरतात पाच-सहा महिने. तेवढ्यात गड घे, नाहीतर छपरं घालून पावसात बस आणि माणसं मरताना बघ, नाहीतर परत जा. हा खरा प्रश्न, आणि तो आमच्या खेळात कधी कुणाला पडलाच नव्हता.

खेळात हिवाळ्याचा हिशेब आहे. बर्फ पडला की पुरवठा घटतो, फौज झिजते. मुलीने आधी तोच नियम दख्खनला लावून पाहिला, चालतो का बघायला. जानेवारीत जोतिबाच्या डोंगरावर पांढराशुभ्र बर्फ. तो स्क्रीनशॉट अजून आमच्या ग्रुपचा फोटो आहे. मग तिने ते सोडून दरवर्षी जूनमध्ये आपोआप चालणारी वेगळी घटना लिहिली. चालत्या फौजेचा पुरवठा जवळजवळ संपतो. बसलेल्या फौजेचा अर्ध्यावर येतो. लेव्ही उठवलेली असेल तर त्या मुलखाचं त्या वर्षीचं उत्पन्न पडतं, कारण पेरायला माणूस नाही. घाटमाथ्याला, गगनबावड्याकडे, हे सगळं दुप्पट. ऑक्टोबरात बंधन सुटतं त्या घटनेला आम्ही 'सीमोल्लंघन' नाव दिलं. सरांनी नाक मुरडलं, तेव्हा हा शब्द असा वापरत होते का वगैरे, पण दसरा चौकात सोनं लुटणाऱ्या गावाने दुसरं कुठलं नाव ठेवायचं?

तटाचे आकडे आम्ही निम्म्यावर आणले. त्याच्या बदल्यात गडाला धान्य दिलं, महिन्यांच्या हिशेबात. वेढ्याचं सोनं बंद केलं. उलट शत्रू खाली बसला असेल तोवर आसपासच्या मुलखाचा वसूल शून्य आणि सामंत नाराज. गड शाबूत, मुलूख उजाड. शेवटची गोष्ट फितुरीची. पन्हाळ्याचा पुढचा इतिहास पाहिला तर तो भिंत फोडून घेतल्याच्या कथा कमी आहेत. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी रात्री चढून घेतला. कधी तहात गेला, कधी वाटाघाटींत. म्हणून गडकऱ्याला फोडायचा एक डाव खेळातल्या कारस्थानांना जोडला. महाग आहे, उघडकीला आला तर बदनामी आहे, पण आहे.

आणि होयसळांच्या गादीवर संगणकाऐवजी माणूस बसवला. निपाणीकर.

तिसरा डाव, आणि चौथा

तिसऱ्या डावात यादव पहिल्यांदा पन्हाळ्याखाली आले ते नोव्हेंबर ११९८ ला. गुऱ्हाळवाल्याकडे सात महिन्यांचं धान्य होतं. त्याने निपाणीकराला बाल्कनीत नेलं. दहा मिनिटांनी दोघं परत आले, निपाणीकर गालात हसत होता. दोन रविवार आधी जो दख्खनचा बादशहा होता तो दूधगंगेच्या दक्षिणेचा सगळा मुलूख देऊन आला होता. जानेवारीत बल्लाळाची फौज यादवांच्या दक्षिण टोकावर उतरली. बँकवाल्याने दोनदा हिशेब केला, शिवी दिली आणि वेढा उठवला.

मी पाहिलेला सगळ्यात चांगला खेळ तो. पन्हाळ्यावर एकही लढाई झाली नाही.

दुसऱ्या वेळी बँकवाला शहाणा झाला होता. आधी होयसळांशी सोयरीक केली, मग १२१४ च्या दसऱ्याला निघाला. फेब्रुवारीत गड पडला नाही. मे उजाडला. तो छपरं घालून बसला, पावसाळ्यात तिसरा हिस्सा फौज गेली, आणि दुसऱ्या हंगामात, १२१६ च्या सुरुवातीला, त्याने गडकरी फोडला. शिलाहारांचं घराणं बावड्याला सामंत म्हणून उरलं. गुऱ्हाळवाला हरला आणि म्हणाला, "आता बरोबर हाय. ह्यो हरणं मला मान्य हाय."

सर खूश. १२१२ आणि १२१६, चार वर्षांचाच फरक, मॉड सिद्ध झाला. मी म्हटलं, "सर, एक कास्टिंग चांगलं आलं म्हणून लॉट पास होत नाही." एकदा तारीख जुळली हा योगायोग असू शकतो. खरी परीक्षा वेगळी होती: इतिहासापासून पार लांब गेलेला डावही लोकांना पटतो का?

तो चौथ्या डावात आला. गुऱ्हाळवाल्याने ११९० मध्येच होयसळांचं मांडलिकत्व पत्करलं, जे इतिहासात घडलं नाही. यादव उत्तरेत अडकले, माळव्यात जिंकले, वरंगळला हरले. १२२१ पर्यंत पन्हाळ्यावर शिलाहार होते. 'असं कसं?' कुणी विचारलं नाही. सरांनीही नाही. उलट ते पहिल्यांदाच स्वतःहून म्हणाले, गुजरात मी घेतो पुढच्या खेपेला.

त्रुटी उरल्यात. चालत्या फौजेला पाऊस इतका जड झालाय की संगणक खेळत असलेली राज्यं दर जूनमध्ये वेड्यासारखी फौज मारून घेतात. त्याला दसऱ्यापर्यंत थांबायची अक्कल अजून देता आलेली नाही. धर्माचं आम्ही झटक्यात उरकलं. गंडरादित्य शिलाहाराने तळं खोदून त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन या तिघांची देवळं बांधली, भोजाच्या राज्यात १२०५ मध्ये आजऱ्याला एक जैन पंडित संस्कृत व्याकरण लिहून पुरं करतो. अशा मुलखात धर्मावरून युद्ध पुकारायचं बटण कशाला? काढून टाकलं.

भाषेचं मात्र मिटलं नाही. खेळात एका परगण्याला एकच संस्कृती देता येते आणि तिच्यावर रयतेची मर्जी ठरते. शिलाहारांचे इथले बरेच लेख कन्नडात आहेत. भोजाला कन्नड केलं तर होयसळांना तो सहज पचतो, मराठी केलं तर यादवांना. निपाणीकर म्हणाला, "लेख काय म्हणतात बघा की." बँकवाला म्हणाला, लेख कन्नडात आहेत म्हणून राजा जेवताना काय बोलायचा ते कळत नाही. यावर आवाज चढले. खाली राहणाऱ्या काकू वर येऊन गेल्या. सध्या राजा कन्नड, निम्मे परगणे मराठी अशी तडजोड आहे आणि कुणीच समाधानी नाही. म्हणून मला ती बरोबर असावी असं वाटतं.

चौथा डाव अर्धवट थांबलाय. ऑक्टोबर १२२१ ला यादव पुन्हा वारणा ओलांडून आले आणि त्याच आठवड्यात इकडे गुऱ्हाळ पेटलं. गुऱ्हाळवाल्याने सेव्ह फाइलला नाव दिलंय 'मार्चपर्यंत हात लावायचा नाही'. बँकवाला दर दोन दिवसांनी विचारतो, त्याच्या जागी संगणक बसवून पुढे नेऊ या का. परवा त्याला उत्तर म्हणून काहिलीतून वाफ निघतानाचा फोटो आला, नुसता. मग रात्री उशिरा मला फोन.

"दादा, धान्य किती महिन्याचं हाय तेवढं बघून सांग."

फाइल उघडून बघितलं. पाच महिन्यांचं.

"मग पुरतंय," तो म्हणाला. मागे चरकाचा आवाज चालूच होता.